वर्ख, स्प्रेचा डबा आणि हळदीचा रंग : गाजिन फुजिता यांचे ‘राइड ऑर डाय’

पुठ्ठ्याच्या नळीतून कॅनव्हास काढून जेवणाच्या टेबलावर पसरला, तो गुंडाळला जाऊ नये म्हणून चारही कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या, तेव्हा सासूबाईंनी पदराने चष्मा पुसला, वाकून नीट पाहिले आणि विचारले, “अगं, यातले सोने कुठे गेले? ही तर हळद आहे.” त्यांचे माहेर कोल्हापूरच्या गुजरीतले. लहानपण सराफी पेढीच्या मागच्या खोलीत गेलेले असल्यामुळे पिवळ्या रंगाच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालण्याची आमच्या घरात पद्धत नाही. या वेळी तर वाद घालण्यासारखे काही नव्हतेच. दोन आठवड्यांपूर्वी आम्ही सगळ्यांनी मिळून मूळ चित्र पाहिले होते आणि टेबलावर पसरलेला तो कॅनव्हास त्याचीच प्रत असल्याचा दावा करत होता.

हे परीक्षण म्हणून दोन गोष्टींचे आहे. एक म्हणजे कॅन्सस सिटीच्या केम्पर समकालीन कला संग्रहालयात गाजिन फुजिता यांचे ‘राइड ऑर डाय’ हे २००५ सालचे चित्र पाहण्याचा अनुभव, आणि दुसरी म्हणजे त्या चित्राची एका ऑनलाइन दुकानातून पंचाण्णव डॉलर मोजून मागवलेली छापील प्रत. दुकानाचे नाव मी देत नाही. अशी दुकाने डझनाने आहेत, सगळ्यांचा माल बहुधा एकाच प्रकारच्या छपाईयंत्रातून निघतो, आणि मला सांगायचे आहे ते एका दुकानापुरते नाही.

आम्ही कॅन्सस राज्यातल्या ओव्हरलँड पार्कमध्ये राहतो. राज्याची सीमा ओलांडून मिसुरीच्या बाजूला गेले की अर्ध्या तासाच्या आत वॉरविक बुलेव्हार्डवरचे हे संग्रहालय येते. ते १९९४ साली सुरू झाले, इमारत आटोपशीर आहे, आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत. भारतातून आलेल्या ज्येष्ठ मंडळींना घेऊन जाताना या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व फार, कारण तिकिटाच्या डॉलरांचे मनातल्या मनात रुपये करून झाल्यावर कोणतेही चित्र शांतपणे पाहता येत नाही. बाहेर हिरवळीवर लुईस बुर्ज्वा यांचा काशाचा प्रचंड कोळी उभा आहे. आतल्या उपाहारगृहाच्या भिंती फ्रेडरिक जे. ब्राउन यांच्या एकशेदहा चित्रांनी व्यापलेल्या आहेत आणि त्या सगळ्यांचा मिळून विषय आहे कलेचा इतिहास. जेवताना मान वर करून पाहावे असे हे ठिकाण आहे, त्यामुळे सूप मागवताना जरा जपून मागवावे. चालत जाण्याच्या अंतरावर नेल्सन-ॲट्किन्स हे मोठे संग्रहालय आहे आणि त्याचा आशियाई संग्रह अमेरिकेतल्या नामांकित संग्रहांपैकी एक आहे. तिथलाही प्रवेश विनामूल्य आहे. दोन्ही एकाच दिवशी करावीत, मात्र आधी केम्पर करावे, कारण नेल्सनच्या दालनांत पाय दुखेपर्यंत चालणे होते आणि मग समकालीन काही पाहण्याचा उत्साह उरत नाही.

आता चित्राविषयी. जोडलेल्या लाकडी फळ्यांवर केलेले, माणसाच्या उंचीला पुरून उरणारे हे काम आहे. चिलखत घातलेला एक सामुराई घोडा फेकत निघाला आहे आणि बाणांच्या माऱ्यातून त्याची वाट जाते. एकोणिसाव्या शतकात कुनियोशी किंवा योशितोशी या जपानी चित्रकारांच्या, लाकडी ठशांवरून छापलेल्या ठसेचित्रांत असे वीर आपण पाहतो. तीच आवळलेली मूठ, तोच ताणलेला जबडा, चिलखताच्या दोऱ्यांचे तेच किचकट विणकाम. फरक असा की या स्वाराच्या मागे डोंगर नाही, समुद्र नाही, किल्लाही नाही. मागे सोनेरी भिंत आहे आणि ती भिंत शहरातल्या पुलाखालच्या भिंतीसारखी नावांनी, आद्याक्षरांनी आणि फर्राट्यांनी भरून गेलेली आहे. मूळ जपानी घडीच्या पडद्यांवर अशा जागी सोन्याचे ढग असतात, नाहीतर निव्वळ मोकळे सोने. इथे त्या मोकळ्या सोन्यावर कोणीतरी रात्रीत येऊन लिहून गेले आहे.

शीर्षक हिप हॉपच्या बोलीतले आहे. “राइड ऑर डाय” म्हणजे शेवटपर्यंत साथ सोडणार नाही असा माणूस, जगलो तर बरोबर आणि मेलो तरी बरोबर म्हणणारा. हा शब्दप्रयोग मित्रासाठी, प्रेयसीसाठी, टोळीतल्या सोबत्यासाठी वापरतात. बाणांच्या वर्षावात घोडा दामटणाऱ्या सामुराईला तो लावताना चित्रकाराने दोन निष्ठा एकमेकींवर ठेवल्या आहेत. एक धन्यासाठी मरणाऱ्या योद्ध्याची आणि दुसरी गल्लीसाठी मार खाणाऱ्या पोराची. हे जुळवणे ऐकताना सोपे आणि थोडे स्वस्तही वाटते. चित्रासमोर उभे राहिल्यावर ते स्वस्त वाटत नाही, आणि त्याचे कारण विषयात नसून ते ज्या रीतीने रंगवले आहे त्यात आहे.

ते कारण मला सासूबाईंनी दाखवले. मुलगा आणि मी मागे उभे राहून भिंतीवरची अक्षरे लावण्याचा प्रयत्न करत होतो. तो सोळा वर्षांचा आहे, दिवसभर रॅप ऐकतो, तरी त्या गुंतलेल्या अक्षरांतून त्याला दोन-तीन शब्दांपलीकडे काही लागले नाही, आणि हे मान्य करावे लागल्यामुळे तो जरा नाराज होता. सासूबाई मात्र पहारेकऱ्याची नजर सांभाळत शक्य तितक्या जवळ गेल्या होत्या.

“हा रंग नव्हे, पान चढवलेले आहे,” त्या म्हणाल्या. “हे बघ, इथे एकावर एक आले आहे. चौकोनाची कड दिसते का?”

“दिसते, आई.”

“ठोकून पातळ केलेले पान असेच बसते. पेढ्यावर लावतो तसे, पण हे फार निगुतीने लावले आहे.”

कड दिसत होती. एकदा ती दिसली की मग चित्रभर दिसू लागली: सोन्याच्या चौकोनी पानांची जाळी, आणि जिथे दोन पाने एकमेकांवर किंचित चढली आहेत तिथे उमटलेली केसाएवढी गडद रेघ. जपानी पडद्यांवर या रेघांना ‘हाकुआशी’ असे नाव आहे आणि जाणकार तिथून वर्खाचा अस्सलपणा ओळखतात, कारण सोनेरी रंग फासला तर अशी जाळी येत नाही. जपानात वर्खाचे माहेरघर म्हणजे कानाझावा. देशातला जवळजवळ सगळा सोन्याचा वर्ख तिथे तयार होतो आणि त्याची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकी भरते. इतके पातळ सोने बोटाने उचलता येत नाही. ते बांबूच्या चिमट्याने धरतात आणि शेजारी कोणी शिंकले तरी वाया जाते. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात कानो घराण्यातल्या चित्रकारांनी किल्ल्यांतली अंधारी दालने अशा वर्खाने मढवली, कारण दिव्याचा मिणमिणता उजेड सोन्यावर पडून खोलीभर पसरत असे. तिथले सोने श्रीमंतीची खूण होते, पण त्याहून आधी ते एक साधन होते. ते खोलीला उजेड पुरवत होते.

फुजिता यांनी हे साधन उचलले आणि लॉस एंजेलिसच्या उन्हात नेले. ते १९७२ साली त्या शहराच्या पूर्व भागात, बॉइल हाइट्समध्ये जन्मले. आईवडील जपानहून आलेले. वडील चित्रकार आणि आई जुन्या जपानी वस्तूंच्या जतनाचे काम करणारी, त्यामुळे घरात परंपरा होती. घराबाहेर बहुसंख्य मेक्सिकन वस्ती होती, भिंतींवर तिची चित्रे आणि तिची सुलेखनाची रीत होती. शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला असल्याने रोजचा लांबचा बसप्रवास, आणि त्या प्रवासात ग्राफिटीची, म्हणजे भिंतींवर स्प्रेने नावे रंगवण्याची, गोडी लागली. किशोरवयात ते ‘के-जी-बी’ आणि ‘के-टू-एस’ या ग्राफिटी टोळ्यांत सामील झाले. पहिल्या नावाचा अर्थ वाया गेलेली पोरे आणि दुसऱ्याचा यशासाठी मारू, असा. पुढे ओटिस कला महाविद्यालयातून पदवी आणि २००० साली लास वेगासच्या नेवाडा विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण झाले. तिथे समीक्षक डेव्ह हिकी त्यांचे शिक्षक होते. सौंदर्य या शब्दाची कलाजगताला लाज वाटत असताना तो शब्द उघडपणे वापरणाऱ्यांपैकी हिकी एक होते. हा धागा मला महत्त्वाचा वाटतो. फुजिता यांच्या चित्रांत देखणेपणाविषयी जी बेफिकिरी आहे, नटवे दिसेल याची जी अजिबात भीती नाही, तिला वेगासमध्ये पाठबळ मिळाले असावे असा माझा तर्क आहे. जाता जाता आणखी एक गंमत अशी की त्यांच्या नावात एक स्वर वाढवला तर ‘गाइजिन’ होते आणि जपानीत गाइजिन म्हणजे परका.

त्यांची कामाची रीत समजली तर चित्र वेगळे दिसते. आधी फळ्यांवर सोन्याचा, पांढऱ्या सोन्याचा किंवा चांदीचा वर्ख चढतो. मग ते आपल्या जुन्या साथीदारांना स्टुडिओत बोलावतात आणि त्या कोऱ्या, महागड्या पृष्ठभागावर मनसोक्त लिहायला सांगतात. स्प्रेच्या डब्यांनी आणि पेंट मार्करने ती मंडळी आपापली नावे, टोळीची नावे, खुणा लिहितात, एकमेकांच्या अक्षरांवर चढतात, जशी रस्त्यावर चढतात. त्यानंतर फुजिता स्वतः स्टेन्सिलने मुख्य आकृती बसवतात आणि रंगवून पुऱ्या करतात. म्हणजे आपण ज्याला पार्श्वभूमी म्हणतो ती इतरांनी लिहिलेली आहे, आणि नायक शेवटी येऊन तिच्यापुढे उभा राहतो. एखाद्या भिंतीवर वर्षानुवर्षे लिहिले जावे आणि मग कोणीतरी तिच्यापुढून घोडा फेकत जावा, तसा काळाचा क्रम त्या थरांत साठलेला आहे. जवळून पाहताना हे थर वेगळे काढता येतात. मार्करची रेघ सोन्यावर थोडी घसरल्यासारखी दिसते, कारण धातू शाई शोषत नाही. स्प्रेच्या कडेला बारीक तुषारांची धूळ बसलेली असते. आणि सगळ्यांच्या वर आकृतीची कड, रांगोळीचा छाप उचलल्यावर राहते तशी स्वच्छ, कुंचल्याचा मागमूस नसलेली.

ही सामुदायिक रीत ग्राफिटीतून आली हे उघड आहे, पण ती जपानी परंपरेलाही परकी नाही, आणि या चित्राचा खरा सांधा मला तिथे सापडला. आपण उकियो-ए म्हणून जी ठसेचित्रे ओळखतो ती एका माणसाची निर्मिती कधीच नव्हती. प्रकाशक पैसे घाली, चित्रकार रेखाटन करी, कोरणारा लाकडाचे ठसे कोरी आणि छापणारा एकेक रंग चढवी. आपल्याकडे नाव तेवढे चित्रकाराचे पोहोचले. मालही उच्चभ्रूंसाठी नव्हता. एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, बाजारात साधे ठसेचित्र साधारण एका वाडगाभर शेवयांच्या किमतीत मिळे. विषय होते नट, गणिका, कुस्तीगीर आणि गोंदवलेले दांडगट वीर, म्हणजे सरकारला जे डोळ्यांत खुपे ते सगळे. १८०४ साली चित्रकार उतामारो यांना हिदेयोशी या पूर्वीच्या सत्ताधीशाची चित्रे काढल्याबद्दल पन्नास दिवस हातात बेड्या घालून ठेवण्यात आले. १८४२ च्या सुधारणांत नटांच्या आणि गणिकांच्या चित्रांवर बंदी आली, तेव्हा कुनियोशी यांनी थट्टेच्या आडवळणाने तेच विषय चालू ठेवले. त्यांनी १८२७ च्या सुमारास काढलेल्या ‘सुइकोदेन’ मालिकेतल्या वीरांच्या अंगावरचे गोंदण पाहून एदोतल्या कामकऱ्यांनी स्वतःच्या पाठी गोंदवून घेतल्या. ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्राँक्समधल्या सेजविक अव्हेन्यूवरच्या एका इमारतीत डीजे कूल हर्क यांनी जी पार्टी केली आणि जिथून हिप हॉपचा इतिहास मोजला जातो, तिथेही माणसे याच थरातली होती. भुयारी रेल्वेच्या डब्यांवर नावे लिहिणाऱ्या पोरांना न्यूयॉर्कच्या पोलिसांनी दिलेली वागणूकही उतामारो यांना ओळखीची वाटली असती.

उकियो-एमध्येच ‘मिताते’ नावाचा एक प्रकार आहे. जुनी कथा किंवा अभिजात पात्र घ्यायचे आणि त्याला आजचे कपडे चढवायचे, म्हणजे पुराणातली राजकन्या एदोच्या चहाघरातली पोरगी म्हणून काढायची. पाहणाऱ्याने मूळ ओळखायचे आणि हसायचे. जुन्या गाण्याचा तुकडा उचलून त्यावर नवे बोल चढवणारा डीजे याहून वेगळे काय करतो? फुजिता यांच्या चित्रांतल्या वीरांच्या आणि गणिकांच्या अंगाखांद्यांवर लॉस एंजेलिसच्या खेळसंघांची अक्षरे दिसतात तेव्हा काही समीक्षक त्याला दोन संस्कृतींचा संकर म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. संकर करायला दोन जाती मुळात लांबच्या लागतात. इथे चित्रकाराने इतकेच दाखवले आहे की या दोन्ही गोष्टी बाजारात, रात्रीच्या वेळी, पोलिसांची नजर चुकवत वाढल्या.

याच वाटेवर चालणाऱ्या इतरांची आठवण येते. वॉशिंग्टनमध्ये १९६६ साली जन्मलेल्या आणि येल विद्यापीठात शिकलेल्या रोझील, ज्या पूर्वी आयोना रोझील ब्राउन या नावाने चित्रे काढत आणि डीजेचेही काम करत, त्यांची वाट जास्त बोचरी आहे. नव्वदीच्या दशकात टोकियोच्या शिबुया भागातल्या मुली कातडी गडद करून ‘गांगुरो’ म्हणून मिरवू लागल्या, आणि जपानी तरुणांत हिप हॉपच्या नावाने कृष्णवर्णीयांची नक्कल फॅशन झाली. रोझील यांनी उकियो-एच्या गेइशांना तसेच गडद चेहरे आणि हिप हॉपमधल्या केशरचना देऊन ही उसनवारी त्यांच्याच चित्रभाषेत परत केली. ते पाहताना हसू येते आणि लगेच अवघडल्यासारखेही होते. ताकाशी मुराकामी यांनी २००७ साली रॅपर कान्ये वेस्ट यांच्या ‘ग्रॅज्युएशन’ या अल्बमसाठी केलेले मुखपृष्ठ जगभर पोहोचले. मुराकामी निहोंगा, म्हणजे पारंपरिक जपानी चित्रशैलीत डॉक्टरेट केलेले आहेत, पण त्या चित्रात ती परंपरा शोधावी लागते. टोकियोचे हिसाशी तेनम्योया स्वतःच्या कामाला ‘निओ-निहोंगा’ म्हणतात आणि वर्ख, चिलखते, बंदुका यांची सरमिसळ अफाट सफाईने करतात. कौशल्यात ते फुजिता यांच्या पुढेच असतील. फुजिता यांच्या सोन्यावर मात्र दुसऱ्यांचे हात दिसतात आणि मला ते जास्त आवडते.

सगळेच गोड आहे असे नाही. फुजिता यांची इतर चित्रे पुस्तकांतून आणि प्रदर्शनांच्या छायाचित्रांतून पाहताना स्त्रियांच्या बाबतीत मला कंटाळा आला. त्यांचे पुरुष घोडा फेकतात, तलवार उपसतात, ड्रॅगनशी झुंजतात, आणि स्त्रिया बहुतेक ठिकाणी किमोनो सैल करून आपल्याकडे पाहतात. हे मूळ ठसेचित्रांतून आले आहे असे उत्तर मिळेल, आणि ते खरेही आहे. परंतु वीराला जर बॉइल हाइट्सच्या भिंतीपुढे आणता येते तर त्या बाईला अजून एदोच्या यौवनबाजारातच का बसवायचे, याचे उत्तर त्यात नाही. दुसरे म्हणजे ही रीत एकदा यशस्वी झाल्यावर पुन्हा पुन्हा वापरली गेली आहे. सलग दहा चित्रे पाहिली की पुढच्या चित्रात सोने कुठे आणि वाघ कुठे असेल याचा अंदाज बांधता येतो. ‘राइड ऑर डाय’ एकटे भिंतीवर असते तेव्हा हा दोष जाणवत नाही.

आता त्या प्रतीकडे येते. चोवीस इंच बाय छत्तीस इंच, कॅनव्हासवर इंकजेट छपाई, नऊ दिवसांत घरपोच. बांधणी उत्तम होती, कॅनव्हासचा पोत चांगला होता आणि रेषा ठसठशीत होत्या. काळा, निळा, तांबडा हे रंग बरेच जवळ गेले होते. हे सगळे मान्य करून मी तिला पाचपैकी दीड गुण देते, कारण उरलेले साडेतीन सोन्याचे होते आणि सोने आलेच नाही.

दोष शाईचा कमी आणि कल्पनेचा जास्त आहे. सोने हा रंग नसून ती एक वागणूक आहे. आपण डावीकडे सरकलो की त्यावरची चकाकी सरकते, मागून कोणी चालत गेले की त्याची सावली त्यात हलते, ढग आला की भिंत विझते. छायाचित्र काढताना दिव्याचा उजेड ज्या एका कोनात पडला असेल तो क्षण तेवढा टिपला जातो, आणि छापताना त्या क्षणाचे पिवळे, तपकिरी आणि पांढुरके ठिपके होतात. आमच्या प्रतीत घोड्याच्या वरच्या बाजूला पांढरट डाग होता. तो आम्हाला आधी छपाईतला दोष वाटला. मग लक्षात आले की तो स्टुडिओतला दिवा होता. तो आता कायम तिथेच जळत राहणार, मग आपण खोलीत कुठेही उभे राहा. शिवाय थर गेले. वर्खाच्या कडांची जाळी पुसट झाली, मार्करची घसरलेली रेघ आणि स्टेन्सिलची कड एकाच सपाटीवर आल्या, आणि आधी कोणी लिहिले, नंतर कोण आले, हा क्रमच नाहीसा झाला. मुलाने ही प्रत पाहून दिलेला शेरा असा होता की हे एखाद्या व्हिडिओ गेमच्या वेष्टनासारखे दिसते. तो शेरा निर्दय होता आणि अचूकही होता.

यात विरोधाभास आहे, याची मला जाणीव आहे. ज्या परंपरेतून हा सामुराई आला तिचा जीवच छपाईत होता, आणि ज्या रस्त्यावरून ती अक्षरे आली तिथे फुकट आणि सर्वांसाठी हाच नियम होता. मग स्वस्त छापील प्रतीला नाके मुरडणारी मी कोण? यावर माझे उत्तर एदोच्या छापखान्यातूनच येते. १७९४ साली त्सुताया जुझाबुरो या प्रकाशकाने शाराकु या चित्रकाराची नटांची जी मोठ्या चेहऱ्यांची चित्रे छापून काढली, त्यांच्या मागची गडद पार्श्वभूमी अभ्रकाच्या पुडीने भरली होती, जेणेकरून कागद हातात धरून हलवला की चेहऱ्यामागची काळोखी लकाके. हिमाचा किंवा किमोनोच्या विणीचा उठाव दाखवायला ते लोक शाईविना नुसता ठसा दाबून कागद उंचावत. स्वस्त माल काढणाऱ्या त्या मंडळींना दोनशे तीस वर्षांपूर्वी कळले होते की चकाकी छापायची तर ती वस्तूतच घालावी लागते, तिचे चित्र काढून भागत नाही. आजही टोकियोत लाकडी ठशांवरून हाताने छापलेल्या प्रती मिळतात. त्या याहून बऱ्याच महाग असतात, पण कागद तिरका धरला की आपले काम करतात. छपाईवर माझा राग नाही. बेफिकीर छपाईवर आहे.

ग्राहकसेवेविषयी थोडक्यात. तक्रार केल्यावर पहिले उत्तर आले की संगणकाच्या पडद्यानुसार रंगछटा वेगळ्या दिसू शकतात. दोन्हींची छायाचित्रे पाठवून मी कळवले की तफावत पडद्यावरची नसून टेबलावरची आहे. मग परत पाठवण्याचा खर्च आमच्याकडून, या अटीवर पैसे मिळाले. तक्रार लिहिताना मला आणखी एक प्रश्न सुचला आणि तो आधी सुचायला हवा होता: चित्र छापून विकण्याची परवानगी या दुकानाने कोणाकडून घेतली होती? त्याचे उत्तर त्यांनी दिले नाही. स्वाक्षरीलाच कला मानणाऱ्या ग्राफिटीवाल्यांच्या अक्षरांची प्रत आपण अशा ठिकाणाहून घेतली याचे मला नंतर वाईट वाटले. ज्यांना खोलीत काही लावायचेच आहे त्यांनी चित्रकार, त्यांची गॅलरी किंवा संग्रहालय यांच्याकडून अधिकृत काही मिळते का ते आधी पाहावे, आणि नाही मिळाले तर भिंत मोकळी ठेवावी.

मूळ चित्र पाहायला जाणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी सांगते. समकालीन संग्रहालयांत संग्रहातली चित्रे आलटून पालटून लावतात, त्यामुळे ‘राइड ऑर डाय’ या वेळी भिंतीवर आहे ना, हे फोन करून विचारल्याशिवाय लांबून गाडी हाकू नये. समोर पोहोचल्यावर आधी समोरून न पाहता एका बाजूने, भिंतीला जवळजवळ कान लावल्यासारखे तिरके पाहावे, म्हणजे वर्खाची जाळी दिसते. मग हळूहळू दुसऱ्या बाजूला चालत जावे आणि चकाकी अक्षरांवरून कशी सरकते ते पाहावे. समोर उभे राहणे सगळ्यात शेवटी. लहान मुले बरोबर असतील तर हात धरून ठेवावा, कारण सोन्याला हात लावण्याचा मोह मोठ्यांनाही होतो. सासूबाईंनी दोन्ही हात पाठीमागे बांधले होते ते त्यासाठीच, असे त्यांनी गाडीत सांगितले. परतीच्या विमानाच्या चार दिवस आधी, मॉलमध्ये काही घ्यायचे राहिले आहे का, असे त्यांना विचारले तर त्या म्हणाल्या की मॉल राहू दे, जमले तर ती सोन्याची भिंत पुन्हा एकदा दाखवून आण. गुरुवारी दुपारी आम्ही दोघीच गेलो.